आजीची पुतळ्यांची माळ, लेकीचा प्रोजेक्ट: उसवू द्यावी का?

काळाचौकीची_सून (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसती वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

लेक ज्वेलरी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय 'दागिना आणि ओळख'. वर्गातल्या कोणी लोकलच्या पासाची लॉकेटं केली, कोणी चाळीच्या कठड्याच्या नक्षीचे झुमके. हिची नजर गेली ती थेट माझ्या सासूबाईंच्या पुतळ्यांच्या माळेवर.

माळ मूळची चोवीस पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची. आता अकरा उरल्यात. सासरे गिरणीत साळखात्यात (विणकामात) होते. ८२ चा संप आला आणि पुतळ्या एकेक करून जायला लागल्या, चार तर एकाच पावसाळ्यात. कुठली कशापायी मोडली ते सासूबाईंना अजून तोंडपाठ आहे.

लेकीला ती माळ उसवायचीय. अकरा पुतळ्या तशाच ठेवायच्या आणि गेलेल्या तेरा पुतळ्यांच्या जागी त्याच मापाच्या रिकाम्या कड्या घालायच्या, तांब्याच्या तारेच्या, वर सुती धागा गुंडाळलेला. मधेमधे पेरायच्या, म्हणजे पुतळी, कडी, कडी, पुतळी असं. प्रत्येक कडीला मागून एक चिमुकली पट्टी, तिच्यावर कारण कोरलेलं: रेशन, फी, बाळंतपण.

आमचे अहो म्हणतात, सोनं आहे, खेळणं नाही. मला ठरवता येत नाहीये. उसवू द्यावी का? आणि हे 'कन्सेप्ट'वाले दागिने खरंच काही असतात, की कॉलेजचं खूळ?

पेडगावचा_शहाणा
पहिला! रुमाल टाकून ठेवतो.
तोळा लाखाच्या पार गेलाय हो. कडीमागे 'रेशन'च्या जोडीला आजचा भावही कोरा म्हणावं. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

खडूस_सदाशिव
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. रिकामी कडी घालून लग्नाला कोण जातं? दागिना म्हणजे अंगावरची शोभा आणि अडीअडचणीची पुंजी. तिसरा अर्थ मला तरी माहीत नाही. 'ओळख' वगैरे कागदावर लिहायचं, गळ्यात कशाला? आपली परंपरा हजारो वर्षांची आहे. नथ काय, पुतळ्या काय, सगळं अस्सल आपलं. त्याला तांब्याची तार जोडायची म्हणजे पुरणपोळीवर केचप.

मुग्धमणी
पुरणपोळीवर केचप 😂 हसून हसून पुरेवाट
पण ताई, कल्पना वाचून अंगावर काटा आला खरा. लेकीला शाबासकी द्या.

जंत्री
आमचं तीन पिढ्यांचं सोनारकाम, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट म्हणजे माळ उसवणं आणि दागिना मोडणं यात फार फरक आहे. दागिना मोडला की सोनं मुशीत जातं, आटतं, त्याचा घाट संपतो. पुतळ्यांची माळ दोऱ्यात गाठवलेली असते आणि दोरा घामाने कुजतोच. ती अधूनमधून पटवेकऱ्याकडे नेऊन पुन्हा गाठवून घ्यावी लागते. तुमच्या सासूबाईंनीही चार-पाच वेळा नक्की गाठवून घेतली असणार. म्हणजे उसवायला काही हरकत नाही. शेवटचं कधी गाठवलंय ते बघा, दोरा कुजका निघेल बहुतेक.

दुसरं म्हणजे पुतळीच्या वरचं नाकं. ज्यात दोरा जातो ते वर्षानुवर्षं घासून केसाएवढं होतं. कॉलेजात पोरांच्या हाती फ्लेम असते आणि उत्साहही असतो. लेकीला सांगा, पुतळीला डाक (जोडाचा धातू वितळवून) लावायचा मोह नको. नाकं झिजलं असेल तर जुन्या हाताच्या कारागिराकडे द्या. जुन्या डाकाचं सोनं आधी वितळतं आणि नाकं गळून मुशीशेजारी पडतं. आजोबांच्या हातून एकदा झालं होतं. ज्या बाईंचा दागिना होता त्या पुढे दोन वर्षं दुकानासमोरून जाताना तोंड फिरवून जायच्या.

तिसरं: उसवल्यावर प्रत्येक पुतळी वेगळी तोलून बघा. का ते नंतर सांगतो.

जाताजाता: १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. १४ कॅरट कडक असतं, ठशावर नीट बसत नाही, पिवळेपणाही उतरतो. आजोबांनी वर्षभर छत्र्या दुरुस्त केल्या. कायदा पुढे १९९० साली गेला. तेव्हा आपली परंपरा अखंड चालत आली असं कोणी म्हटलं की मला त्या छत्र्या आठवतात.

काळाचौकीची_सून
जंत्रीदादा, खूप आभार. तोलायचं का ते आत्ताच सांगा ना, झोप लागणार नाही.

जंत्री
आधी तोला तर. 🙂

जुनी_पानं
खडूसराव, 'अस्सल आपलं' यावर थोडं.

पुतळी हे मुळात नाणं. व्हेनिसचं. तिथला सोन्याचा डुकाट व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्याला उतरला आणि सोनं चोख म्हणून चालला. एका बाजूला संत मार्कापुढे गुडघे टेकलेला तिथला डोज (राज्यप्रमुख), दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. आपल्या लोकांना ना डोज ठाऊक ना संत मार्क. त्यांना दिसल्या बाहुल्यांसारख्या आकृती, म्हणून पुतळी. नाणं येईना तेव्हा सोनारांनी स्वतःचे ठसे केले, मग त्यावर आपल्या देवता आल्या. म्हणजे धागाकर्तीच्या सासूबाई काळाचौकीत बसून व्हेनिसच्या नाण्याचं नातवंड गळ्यात घालत होत्या.

नथीचंही तेच. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी यावर लिहून ठेवलंय की साधारण इ.स. १००० च्या आधीच्या संस्कृत वाङ्मयात नाकातला दागिना सापडत नाही. अजिंठ्याची चित्रं आठवा. बायका गळ्यापासून पायापर्यंत मढलेल्या आणि नाक मोकळं.

खडूस_सदाशिव
गोडे मीही वाचलेत. पण हजार वर्षं म्हणजे काही कालपरवाची गोष्ट नव्हे. हजार वर्षं नाकात आहे ती आपलीच झाली की.

जुनी_पानं
हेच तर म्हणतोय. आपली *झाली*. तांब्याच्या कडीलाही जरा वेळ द्या.

पेडगावचा_शहाणा
तोपर्यंत चहा टाकतो.

बदलापूर_सेमी
नथीवरून आठवलं. पाडव्याच्या शोभायात्रेत यंदा ढोलपथकात होते. नऊवारी, फेटा, गॉगल आणि चापाची नथ. ढोल बडवताना चाप सैल झाला आणि नथ गेली थेट पुढच्याच्या झब्ब्यात. तो बिचारा फोटोत दोन तास पाठीवर नथ लावून वाजवतोय. समकालीन दागिना यालाच म्हणायचं का?

मुग्धमणी
😂😂 फोटो टाक!
आजकाल नथ कुठे नसते? नथीचं पेंडंट, नथीचा ब्रोच, मोबाइलच्या कव्हरवर नथ. मैत्रिणीने तर कारच्या आरशाला टांगलीय. मला आवडतं सगळं, पण हल्ली नथ म्हणजे 'मराठी' लिहिलेला स्टिकर झालाय असं वाटतं खरं.

भिकबाळीवाला
बायकांवर चर्चा चालू आहे म्हणून सांगतो, पुरुषही आहेत बरं का. मी गेली अकरा वर्षं भिकबाळी घालतो. अंधेरीच्या ऑफिसात पहिल्या दिवशी एचआरने विचारलं, 'आर यू इन अ बँड?' गावी काकांनी विचारलं, 'काय रे, पौरोहित्य शिकतोयस की काय?' एकच बाळी, पण लोकलचं तिकीट बदललं की अर्थ बदलतो.

रबरी_बांगडी
मी या विषयात शिकले आहे म्हणून मूळ दुसऱ्या प्रश्नाला हात घालते: असं खरंच काही असतं का? असतं, आणि ते कॉलेजात जन्मलेलं नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ओट्टो क्युन्झली या स्विस कलाकाराचं. १९८० साली त्याने काळ्या रबराची एक बांगडी केली. साधी नळी, गोल वळवलेली. एका जागी किंचित फुगीर, कारण आत सोन्याची गोळी आहे. ती दिसत नाही, दिसणारही नाही. नाव दिलं 'सोनं आंधळं करतं'. घालणाऱ्याने विश्वास ठेवायचा की आत सोनं आहे. रबर झिजून फाटलं तरच खात्री, पण मग बांगडी गेली.

आपल्याकडेही हे चाललंय. कोलकात्याच्या आइना अहलुवालियांनी कृपाणाच्या घाटाची पेंडंट केली. बाईच्या गळ्यात शोभा म्हणून शस्त्र.

गोष्ट कळायला खाली चिठ्ठी चिकटवावी लागली तर मात्र दागिना फसला, एवढं मी मानते. म्हणून लेकीला एकच विचारीन: पट्टीवरची 'रेशन', 'फी' ही अक्षरं काढून टाकली तर माळ बोलते का?

खडूस_सदाशिव
रबराच्या बांगडीत सोन्याची गोळी. आमच्या आजीने डब्यात तांदळाखाली पाटल्या ठेवल्या होत्या. तिला कोणी कलाकार म्हटलं नाही.

रबरी_बांगडी
😄 हे मात्र मान्य.

निळाई
इथे सगळे 'जपावं' की 'बदलावं' यावर बोलताहेत. आमच्या घरची गोष्ट तिसरीच आहे.

माझ्या पणजीच्या हातात कोपरापर्यंत गोठ होते, चांदीचे आणि कथलाचे. गळ्यात गळसऱ्या, एकीवर एक. ती हौस नव्हती. बाई कुठल्या जातीची ते लांबूनच कळावं यासाठी तिने काय घालायचं आणि काय नाही हे गावाने ठरवलेलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांपुढे भाषण केलं त्यात नेमकं हेच सांगितलं, की या दागिन्यांवरून तुम्हाला ओळखतात, ही खूण टाकून द्या, नीटनेटक्या राहा. पणजी महाडला नव्हती, पण बातमी वस्तीवर पोचली. तिने गोठ उतरवले. उतरत नव्हते. मनगट सुजलेलं, तेल लावून, साबण लावून, शेवटी एक कापूनच काढला. तिच्या मनगटावर त्याचा फिकट पट्टा शेवटपर्यंत होता, आईने पाहिलाय.

आमच्या घरात जपून ठेवलेला दागिना नाही. काढून टाकला हीच आमची ओळख.

आणि आता त्याच घाटाचे गोठ 'ऑक्सिडाइज्ड ट्रायबल कफ' म्हणून ऑनलाइन विकायला येतात. मॉडेलच्या हातात कोपरापर्यंत. घालणाऱ्यांवर माझा राग नाही. पण डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी एखादा घाट उचलताना तो कोणाच्या अंगावर का होता एवढं तरी विचारावं.

मुग्धमणी
_/\_

जुनी_पानं
निळाई, याला उत्तर देत नाही, वाचनखूण ठेवतोय.

खडूस_सदाशिव
मी वर 'तिसरा अर्थ माहीत नाही' लिहिलं होतं. ते मागे घेतो.

पेडगावचा_शहाणा
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. सदाशिव पेठेने शब्द मागे घेतला, तारीख नोंदवा रे कोणीतरी.

वेसावची
निळाईताईंना शंभर टक्के अनुमोदन. आमचंही ऐका.

मावशी मासळी बाजारात बसते ती अंगभर सोनं घालूनच. बाहेरच्यांना वाटतं मिरवतात. अगो, ती आमची बँक होती. पासबुक घेऊन काउंटरवर उभं राहायचं तर कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. पापलेट साफ करताना मावशी पाटल्या कोपराकडे सारते, खवले उडतात म्हणून, आणि गिऱ्हाइकाला पैसे परत देताना पुन्हा मनगटावर. त्या पाटल्यांच्या नक्षीत खवला अडकलेला मी स्वतः टाचणीने काढलाय.

मागे एका प्रदर्शनात कोळी दागिन्यांवरून 'प्रेरित' कलेक्शन होतं. चांदीचे मासे, चांदीच्या होड्या. सुंदर होते हो, खोटं कशाला बोलू. किंमत बघितली आणि मावशीला फोनवर सांगितली. ती म्हणाली, 'त्या भावात मी खरा हलवा मासा पाठवते त्यांना, बर्फासकट.'

पेडगावचा_शहाणा
मावशीचा नंबर मिळेल का? दागिन्यासाठी नाही, हलव्यासाठी.

जंत्री
वेसावची, किमतीवरून एक. त्या चांदीच्या माशाची घडणावळ घडवणाऱ्याच्या हाती किती पडते ते कोणी विचारत नाही. झवेरी बाजारातल्या, काळबादेवीच्या माळ्यांवर चढून बघा. एकेका खोलीत आठ-दहा जण मांडी घालून बसलेले, बरेचसे बंगालकडून आलेले. 'पेशवाई' नथीवर बारीक डाक लावणारा पोरगा हुगळीचा असतो. रात्री खोली झाडून ती धूळसुद्धा पुडीत बांधून ठेवतात, झारेकऱ्याला विकायला, कारण त्यात सोन्याची कीस असते. आमच्या मराठी ओळखीची धूळ बंगाली पोरगा झाडतो.

डॉलर_वहिनी
न्यू जर्सीहून. इथे गणपतीला ठुशी घालून गेले तर शेजारीण म्हणाली, 'ओह, चोकर!' मी म्हटलं हो, चोकरच. कोण सांगत बसणार.
ठुशीच्या मागचा गोंडा कोणी इकडे गाठवून देतं का, माहीत असेल तर कळवा. माझा उसवलाय, सध्या बुटाची लेस लावलीय. (हलकेच घ्या.)

रबरी_बांगडी
वहिनी, बुटाच्या लेसवरची ठुशी! तुम्ही प्रदर्शन भरवा.

करवीर_काठ
थोडं गंभीर. आमच्या कोल्हापूरकडचं. २०२२ च्या मे मध्ये हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. लगेच राज्य सरकारनेही परिपत्रक काढलं. माझी आई त्याच्या आधीची. तिचं सगळं उतरवलं होतं. ठराव झाल्यावर मी म्हटलं, आई, आता घाल. म्हणाली, 'उघड्या गळ्याची सवय झाली, आता टोचतं.' शेवटी तिला बोरमाळ करून दिली, काळे मणी नसलेली. ती घालते. ती बोरमाळ समकालीन दागिना आहे की नाही ते तज्ज्ञांनी सांगावं.

मुग्धमणी
आहे. तज्ज्ञ नसले तरी सांगते.

अवलिया_आजोबा
तीस प्रतिसादांच्या आसपास आलो. व्हेनिस झालं, महाड झालं, हलवा झाला. एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. सूनबाई, माळ सासूबाईंची आहे ना? त्यांना विचारलंत का?

काळाचौकीची_सून
आजोबा... नव्हतं विचारलं. आमच्या अहोंना वाटलं आईला वाईट वाटेल. मला वाटलं लेक विचारेल. लेकीला वाटलं मी.

आज संध्याकाळी विचारते. सासूबाई ८४ च्या आहेत, कान पक्के आहेत.

पेडगावचा_शहाणा
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. कोणी हलू नका.

काळाचौकीची_सून
(दुसऱ्या दिवशी, दुपारी)

झालं असं. काल माळ घेऊन आम्ही तिघी बसलो. सासूबाईंनी कल्पना ऐकून घेतली, मधे बोलल्या नाहीत. मग लेकीला म्हणाल्या, 'रिकाम्या पुढे कशाला घालतेस?'

लेकीने सांगितलं, आजी, गेलेल्या दिसल्या पाहिजेत. सासूबाई म्हणाल्या, 'मी चाळीस वर्षं त्या दिसू नयेत म्हणून मरमर मेले.' पुतळी मोडायची वेळ आली की त्या नेहमी मागून काढायच्या. दोरा वाढवायचा, उरलेल्या पुढे सारायच्या. लग्नकार्यात पुढून माळ भरलेली दिसायची, पदर मागून घट्ट. वन्सं म्हणायच्या, वहिनीचं सोनं संपानेसुद्धा हललं नाही.

लेक गप्प झाली. मीही.

मग जंत्रीदादांचं आठवलं म्हणून आज सकाळी ओळखीच्या सोनाराकडे गेलो, उसवून एकेक तोलली. आठ पुतळ्या प्रत्येकी दीड ग्रॅमच्या आसपास. तीन जेमतेम ०.९.

जंत्री
चांदी. वर सोन्याचा मुलामा.
यासाठीच तोलायला सांगितलं होतं, मशिनीवर ठेवून वाचायला नव्हे. कॅरट मोजायचं मशीन वरच्या थराचं वाचतं, मुलामा जाड असेल तर फसतं. वजन फसत नाही. २२ कॅरट सोन्याच्या आकाराएवढीच चांदीची चकती केली तर ती साधारण साठ टक्के भरते. दीडचे साठ टक्के करा.
संपाच्या काळात अशा पुतळ्या आमच्या दुकानातही करून दिल्यात. बायका दुपारी यायच्या, दुकान रिकामं असताना. आजोबा वहीत नाव लिहायचे नाहीत.

काळाचौकीची_सून
दादा, अगदी तेच. घरी येऊन सासूबाईंना घाबरत घाबरत सांगितलं. आम्हाला वाटलं धक्का बसेल. त्या हसल्या. 'कळलं होय सोनाराला? धाकट्या वन्संच्या लग्नाला केल्या. मधल्या तीन. मधे कोणी तोलून बघत नाही.' सासऱ्यांनासुद्धा माहीत नव्हतं म्हणे.

आमचे अहो तेव्हापासून गॅलरीत जाऊन बसलेत.

रबरी_बांगडी
थांबा, थांबा. मी वर रबरी बांगडीचं एवढं पुराण लावलं. तुमच्या सासूबाईंनी १९८० च्या दशकात तोच प्रयोग गळ्यात घालून वऱ्हाडात मिरवला! आत काय आहे ते फक्त घालणारीला ठाऊक. 🙏

खडूस_सदाशिव
आणि त्यांनी नाव वगैरे न देता केला. माझा मुद्दा तोच होता.

निळाई
ताई, आजींनी जे लपवलं ते नातीने उघड करावं का, यावर माझं मत विचाराल तर आजींचा शब्द शेवटचा. त्यांच्या गळ्यातलं आहे. पण लेकीला म्हणावं, प्रोजेक्ट सोडू नकोस. आता कुठे तो खरा झालाय.

अवलिया_आजोबा
मग? पोर काय करतेय?

काळाचौकीची_सून
(चार दिवसांनी)

उशीर झाला, सॉरी. लेकीने सगळं ड्रॉइंग फाडून नव्याने काढलं.

आता अकरा पुतळ्या पुढे, आजीने लावल्या होत्या त्याच क्रमाने, मुलाम्याच्या तीन मधोमध. तेरा कड्या सगळ्या मागे, मानेवर. पुढून बघितलं तर भरलेली माळ. घालणारीने पाठ केली किंवा अंबाडा वर उचलला तरच रिकाम्या दिसतात. अक्षरं काढून टाकली (रबरी_बांगडी, तुमचं ऐकलं). मी विचारलं, माळ मॅनेकिनवर घातली की परीक्षकांना मागची बाजू कशी दिसणार? म्हणाली, दिसली नाही तर नाही, त्यांनी फिरून यावं.

जंत्रीदादा, तीन पुतळ्यांची नाकी झिजली होती. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी आगीशिवाय तार वळवून बसवून दिली. पैसे घेतले नाहीत, माळेची गोष्ट ऐकून घेतली.

सासूबाईंनी घालून बघितली. आरशात पुढून बघितलं, मान हलवली. मग मागे हात नेऊन कड्या बोटांनी चाचपल्या, एकेक, मोजत असल्यासारख्या. चौथ्या-पाचव्या कडीला थांबून 'ही तुझ्या बाबांच्या दहावीची' असं लेकीला म्हणाल्या. पट्टी नाही, अक्षर नाही, कसं ओळखलं देव जाणे.

शेवटी एकच तक्रार: लेकीने मागे साखळीचा फासा लावलाय, तो टोचतो. 'गोंड्याचा दोरा लाव गं, मला हवं तसं सैल करता येतं.' तर आता पटवेकरी शोधतेय. भुलेश्वरला कोणी चांगला माहीत आहे का?

जंत्री
आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

डॉलर_वहिनी
मलाही करा! लेस तुटली.

मुग्धमणी
ताई, फोटो!! पुढून आणि मागून दोन्ही.

काळाचौकीची_सून
टाकायचा प्रयत्न करतेय, साइझ मोठी आहे म्हणतंय. लेक कॉलेजातून आली की करून घेते. आणि आमचे अहो गॅलरीतून आत आलेत. विचारताहेत, दहावीची फी नक्की किती होती.